बोरीखालची सात पानं

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मेथी निवडणं. शारजात, अल नहदाला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, जमिनीवर पेपर पसरून. मी पानं खुडत होतो, ती माझी खुडलेली पुन्हा तपासत होती.

"अहो, काड्या किती ठेवताय? म्हशीला घालायचीय का?"

"काडीत सत्त्व असतं."

"मग काड्या तुम्ही खा."

मग तिने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे सामानाची यादी लिहिली. हिंग, बेसन, कापूर, कपड्यांचा साबण, आणि शेवटी "चहा (तुमचा)". मला भुकटीचा कडक चहा लागतो, बाकी घर पिशवीवाला पितं. यादी फ्रिजवर चुंबकाखाली लावून म्हणाली, "ते बोरीखालचं एकदा लिहून काढा. येईल त्याला नुसतं सांगत बसता. नावं घालू नका, त्या माणसाला त्रास नको."

"मला कुठे लिहिता येतं?"

"मग पंचनामे कुणी लिहिले? माझ्या बापाने?"

जेवणं झाली. जरा पडते म्हणाली. उठली नाही.

त्याला सव्वा महिना झाला. तिचा शब्द म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहाय्यक फौजदार म्हणून बाहेर पडलो. चौतीस वर्षांत गुन्हे पुष्कळ बघितले, त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळले. हे एक प्रकरण मात्र तारखेवार डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि ते नोकरीतलं नाहीच. निवृत्तीनंतरचं, दुबईतलं आहे.

मुलाने आम्हा दोघांना शारजाला नेलं. घरात बसून माझं अंग आंबायला लागलं. मुलाच्या ओळखीने दुबईत एका संशोधन ग्रंथालयात सुरक्षा सुपरवायझरची जागा मिळाली. तिथल्या एका श्रीमंत माणसाने जन्मभर हाताने लिहिलेली जुनी पुस्तकं गोळा केली होती. अरबी, फारसी, थोडी उर्दू. जहाजांच्या तांडेलांच्या वह्या, पितळी यंत्रं, शाईच्या दौती. सगळं तळघरात थंड खोलीत. बाहेर डांबर वितळायचं आणि आत मी स्वेटर घालून फेरी मारायचो. पुस्तकातलं मला अक्षर कळत नव्हतं. पण कुलूप कळत होतं.

ठाण्याची शिस्त मी तिथे जशीच्या तशी लावली. सकाळी पहारेकऱ्यांची हजेरी. चाव्यांचं रजिस्टर, घेताना सही, देताना सही. जाताना प्रत्येकाच्या पिशवीची झडती. आणि स्टेशन डायरीसारखी एक डायरी, मराठीत, तारीख-वेळ घालून. ती तिथे कुणालाच वाचता येत नव्हती. तरी मी रोज लिहायचो. पहारेकरी पठाण, नेपाळी, केरळी. सगळे मला जमादारसाब म्हणायचे.

एका बुधवारी सकाळी दुरुस्तीच्या खोलीतून बोलावणं आलं. जुनी पानं दुरुस्त करणारा कारागीर शामकडचा, म्हणजे सीरियाचा, म्हातारा होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याच्यापुढे कित्येकशे वर्षांपूर्वीचं हाताने लिहिलेलं कुराण सुटं करून ठेवलेलं. शिवायच्या आधी पानं मोजली, तर सात कमी. म्हाताऱ्याचे ओठ पांढरे पडले होते. शेजारी मुदीर, म्हणजे तिथला मोठा साहेब, उभा होता. अरब, पण मुंबईशी व्यापार करणाऱ्या घरातला, हिंदी चांगलं बोलायचा.

"जमादार, शनिवार सुबह तक. फिर मैं शुर्ता को फोन करूँगा."

शुर्ता म्हणजे तिथले पोलीस. पोलीस आले की काय होणार ते मला कळत होतं. ज्याच्यावर संशय तो आधी आत, मग तुरुंग, मग विमानात बसवून कायमचा घरी.

मी खोलीचा पंचनामा केला. कुलूप शाबूत, खिडकी नाही. रजिस्टरप्रमाणे आठवड्यात आत दोनच माणसं गेलेली, उस्ताद आणि सफाईवाला. सफाईवाला आपल्या कोकणातला, दापोलीकडच्या एका खाडीवरचा मुसलमान, चाळिशीतला. सगळे त्याला दापोली म्हणूनच हाक मारत. तिथे माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच. सकाळी भेटला की म्हणायचा, "काय जमादारसाहेब, आज कुणाला धरताय?" त्या बुधवारी त्याने काही विचारलं नाही. खाली मान घालून जिना पुसत राहिला. हे मी डायरीत लिहिलं.

गुरुवारी सकाळी खबर आली. कामगारांना अल क्वोजच्या कॅम्पवरून आणणाऱ्या गाडीचा केरळी ड्रायव्हर माझ्या खुर्चीला चिकटून उभा राहिला.

"जमादारसाब, मेरा नाम नहीं आना. संडे को वो दापोली का हाथ में सफेद कपड़ा का पोटली था. रोज़ डब्बा नीचे रखता, पैर के पास. उस दिन पूरा रास्ता दोनों हाथ पे ऐसा ऊपर पकड़ के बैठा." त्याने दोन्ही तळवे छातीपुढे धरून दाखवले. "कैंप के पहले मस्जिद आता, उधर उतर गया. बोला, चल के आएगा."

मी गेटवरच्या पठाणाला विचारलं, रविवारी दापोलीची झडती घेतली होती का? म्हणाला, पिशवी बघितली. आणि हातात होतं ते?  पठाण बोलला, "उसने कहा, लाला, अंदर कलाम है, वज़ू है तो हाथ लगाना. मेरा वज़ू नहीं था साब."

कलाम म्हणजे कुराणाचे शब्द, आणि वजू म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुद्ध होणं, त्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. मी त्याला झाप झाप झापलं. माल डोळ्यांदेखत गेटमधून गेला होता.

दापोलीला मी पहारेकऱ्यांच्या खोलीत बसवलं. चहा नाही, पाणी दिलं. ठाण्यात आमची एक रीत असायची. एकच प्रश्न तीन वेळा, तीन अंगांनी विचारायचा आणि उत्तर कुठे हलतं ते बघायचं.

"पोटलीत काय होतं?"

"तुम्हाला माहीत हाय साहेब."

"कुठंय आता?"

"चांगल्या जागी हाय."

"कुणाला दिलं?"

"कुणाला नाय दिलं."

"किती मिळणार होते?"

तेव्हा त्याने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज कडक झाला. "साहेब, कलाम कोण विकतो?"

चोराच्या तोंडून असली भाषा मी खूप ऐकली होती. देवळातली घंटा चोरलेला माणूसही आमच्या ठाण्यात नमस्कार करून जबाब द्यायचा. मी हात उचलला. खोटं कशाला लिहू? मारला नाही, तिथे मला तो अधिकार नव्हता, पण हात वर गेला होता.

तो म्हणाला, "मारा. पन उस्तादला काय विचारू नका."

झालं. माझं डोकं तिकडे धावलं. ज्याला वाचवायला बघतो तो साथीदार, हा आमचा जुना हिशेब. आत पान काढणारा उस्ताद, बाहेर नेणारा दापोली, आणि माल मशिदीजवळ तिसऱ्याच्या हातात. सगळं चपखल बसलं. दुपारपर्यंत मी अहवालाचा मसुदा लिहिला, दोघांचा संगनमताने अपहार. शनिवारी मुदीरपुढे ठेवायचा म्हणून खिशात घालून घरी आलो. खूप वर्षांनी पोलीस असल्यासारखं वाटत होतं.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी ही पोळ्या लाटत होती, मी ओट्याशी उभा राहून तिला सगळं सांगितलं. चौतीस वर्षं मी तिला तपासातलं सांगत आलो, नियमात बसत नसलं तरी. तिने लाटणं थांबवलं.

"कसं धरलं होतं म्हणालात?"

मी ड्रायव्हरसारखे तळवे धरून दाखवले.

"चोर चोरीचा माल असा धरतो?"

"अगं, मौल्यवान आहे ते."

"मौल्यवान माल चोर मांडीखाली लपवतो. काखेत मारतो. असा देवासारखा धरून गाडीभर माणसांत बसतो होय? आणि गेटवर सांगून जातो आत काय आहे ते?" पोळी तव्यावर फुगली, तिने उलटली. "तुमचं डोकं निवृत्त झालंय."

हात पुसून तिने मला खुर्ची आणायला लावली आणि कपाटावरून एक गाठोडं काढायला सांगितलं. लाल खणात बांधलेलं. आत काय आहे ते मला माहीत होतं, पण मी कधी विचार केला नव्हता. तिच्या पाठाच्या पोथीची वाळवीने खाल्लेली पानं, देवांची चित्रं असलेली जुनी कॅलेंडरं, गणपतीचा फाटलेला फोटो. तिकडची आपली सगळी माणसं असंच करतात. देवाचं चित्र कचऱ्यात टाकवत नाही, आणि सोडायला नदी नाही. गावाला जाणारा कुणी मिळाला की त्याच्याबरोबर द्यायचं. हे गाठोडं दोन वर्षं पडून होतं, कारण जाणाऱ्याचं सामान आधीच वजनाला जास्त भरायचं.

"मी याचं काय करते?" ती म्हणाली.

"सोडायला पाठवतेस."

"का?"

"जुनं झालं, फाटलं. कुणाच्या पायाखाली येऊ नये."

"मग त्याने दुसरं काय केलं असेल?"

 खिशातला अहवाल एकदम जड वाटायला लागला.

"जाऊन विचारतो," मी म्हणालो.

"नुसतं विचारू नका. तुमच्या विचारण्याने माणूस आणखी मिटतो. हे घेऊन जा."

टॅक्सीने अल क्वोजला गेलो. गोदामं, गॅरेजं, आणि मध्ये कामगारांचे कॅम्प. गाठोडं मांडीवर होतं. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं, मीही ते दोन्ही हातांवर घेऊन बसलोय.

दापोली जुम्म्याची नमाज पढून आला होता. खोलीत सहा पलंग, एकावर एक. बाकीचे मला बघून बाहेर सरकले, पोलीस कुठेही ओळखू येतो. मी गाठोडं कुठे ठेवू म्हणून बघत होतो. खालच्या पलंगावर चादर चुरगळलेली. त्याने माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, पेटीतून धुतलेला टॉवेल काढला, पलंगावर अंथरला आणि म्हणाला, "ह्यावर ठेवा."

मी म्हणालो, "माझ्या बायकोने दिलंय. आमच्या देवाचं फाटलेलं आहे. दोन वर्षं कपाटावर होतं. ती म्हणाली, दापोलीला दाखवा, त्याला कळेल."

 तो खाली बसला आणि ओंजळीत तोंड घेऊन रडला. मी काही बोललो नाही. पोलिसाने जबाब घेताना थांबायला शिकावं, हे मला तिथे, वयाच्या साठीनंतर कळलं.

मग त्याने सांगितलं. उस्ताद जुनी पानं किंचित ओलसर करून टिपकागदांच्या मध्ये ठेवायचा, वर वजन, म्हणजे सुरकुत्या जातात. वापरलेले टिपकागद भिंतीशी ढीग करून टाकायचा, रविवारी दापोली तो ढीग कचऱ्यात न्यायचा. त्या रविवारी ढीग उचलला तर मधून पान सरकलं. मग दुसरं. सात. किडीने खाल्लेली, डागाळलेली. त्याला वाटलं, खराब म्हणून टाकली. पण त्यांवर अल्लाचा शब्द होता, कचऱ्याच्या पिशवीत कशी घालणार? गावाला त्याची आई असली पानं पांढऱ्या कपड्यात बांधून स्वच्छ जागी पुरायची. त्याने वजू केला, नवा पांढरा कपडा घेतला, आणि मशिदीच्या कुंपणाच्या आत, कुणाचा पाय पडत नाही अशा कोपऱ्यात, बोरीच्या झाडाखाली पुरून आला.

"मग बुधवारी का नाही बोललास?"

"बुधवारी कळलं साहेब, की टाकली नव्हती. राहिली होती. उस्तादच्या डोळ्यांत मोती पडलाय. पानाची कड बोटाने चाचपून बघतात, मी कितींदा बघितलंय. मी बोललो असतो तर विचारलं असतं, कुठे गावली? कचऱ्यात, असं सांगू? कलाम कचऱ्यात टाकला म्हटल्यावर त्या म्हाताऱ्याला कोण सोडेल? माझी काय, चोरीच होईल."

माणूस चोरीचा आळ पत्करायला तयार होता, आणि तुरुंगही. मी त्याच्या खिशात किती पैसे आले ते विचारत बसलो होतो.

आम्ही चालत मशिदीकडे गेलो. कोपऱ्यात बोर होती, आपल्याकडे बांधावर असते तशीच, काटेरी, बारीक बोरांची. दापोलीने पुन्हा वजू केला. मी चपला काढून लांब उभा राहिलो. वाळू भाजत होती, पाय आळीपाळीने उचलत होतो. त्याने हातांनीच उकरलं. हातभर खाली पांढरा कपडा दिसला. दापोलीने फुंकर मारून वाळू उडवली, उघडून बघितलं, मोजलं. सात. पाच दिवस पुरलेली पानं कोरडी ठणठणीत.

आता प्रश्न माझा होता. पानं सापडली, पण शनिवारी लिहायचं काय? खरं लिहिलं तर उस्ताद जातो. खोटं मी पंचनाम्यात कधी लिहिलं नव्हतं. निदान मोठं खोटं.

घरी येऊन हिला विचारलं. म्हणाली, "आधी ज्याची चूक आहे त्याला सांगा. त्याला तोंड आहे ना."

म्हणून शनिवारी सकाळी मुदीरच्या आधी मी आणि दापोली उस्तादकडे गेलो. दापोलीने पोटली टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याने डोळ्यांनी बघितलंच नाही, बोटांनी एकेक पान ओळखलं. दापोलीने मोडक्या अरबीत सगळं सांगितलं.  उस्तादने कोट चढवला, पानं घेतली, आणि आमची वाट न बघता मुदीरच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. मला एवढंच कळलं की तो पुन्हा पुन्हा स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवत होता आणि मग दाराबाहेर उभ्या दापोलीकडे बोट करत होता.

मुदीर बाहेर आला. मी खिशातला गुरुवारचा मसुदा काढून त्याच्यासमोर फाडला आणि सांगितलं, "साब, मैंने दोनों को चोर लिखा था. ग़लती मेरी."

त्याने विचारलं, "अब क्या लिखोगे?"

"जो हुआ वो."

"लिखो," तो म्हणाला. "शुर्ता खलास."

उस्ताद वाचला असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याला हाकललं नाही, डोळ्यांचं ऑपरेशनही करवलं, पण हाताला पूर्वीची खात्री आली नाही. वर्षभरात तो आपल्या देशी गेला. दापोलीवर मुदीरने एक काम सोपवलं. दुरुस्तीच्या खोलीतला कुठलाही कागद आधी त्याच्या हाताखालून जायचा. तो पेपर पसरून सगळा कचरा ओतायचा, एकेक तुकडा बाजूला करून बघायचा, मगच पिशवी बांधायचा. पुढे त्यात त्याला दोनदा पानाचे तुकडे सापडले. माझ्या डायरीत नोंद आहे.

त्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर गावी निघाला. आदल्या दिवशी आमच्या घरी आला आणि हिला म्हणाला, "भाभी, ते लाल गाठोडं द्या. आमच्या दारातच खाडी हाय."

ही म्हणाली, "भाऊ, तुमचं सामान आधीच जास्त असेल."

"सामानात कशाला? हातात नेईन."

हातातच नेलं. परत आल्यावर सांगितलं, भरतीच्या वेळी होडीतून मध्यावर जाऊन सोडलं. खण धुऊन, वाळवून, घडी करून परत आणला होता. तो हिने शेवटपर्यंत जपला.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं हे वाचणारे विचारतील. चौतीस वर्षं मी वस्तू कुठे गेली ते शोधलं. माणसाने ती कशी धरली होती हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काही लोक माझ्या हातून उगाच आत गेले नसते. त्यातल्या दोघांचे चेहरे मला आठवतात. त्यांच्याबद्दल लिहायची हिंमत नाही. आणि दुसरं, तपास मी केला असं लोक म्हणतात. तपास हिने केला, पोळ्या लाटता लाटता. मी फक्त टॅक्सीने गेलो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कागदपत्रांसाठी इस्पितळात आणि कचेऱ्यांत धावत होता. तिला अजून घरी आणलं नव्हतं. माणसं येणार म्हणून सुनेने ओटा आवरला, फ्रिज पुसला. मी पाणी प्यायला गेलो तर चुंबक होता, खाली यादी नव्हती.

कचऱ्याच्या पिशवीत हात घातला. मेथीच्या ओल्या काड्यांत चिकटलेली मिळाली. "चहा" एवढं स्पष्ट होतं, पुढचं "तुमचा" ओलीने फुटायला लागलं होतं.

नात दारात उभी होती. "आजोबा, इट्स जस्ट अ लिस्ट," ती म्हणाली. तिचं चुकलं नाही.

मी टिपकागद कुठून आणणार? वर्तमानपत्राच्या घड्यांत यादी ठेवली, तिचा लाल खण वर अंथरला, आणि त्यावर तांदळाचा डबा ठेवला. मग खाली पेपर पसरला, कचऱ्याची पिशवी त्यावर ओतली, आणि मेथीची एकेक काडी बाजूला करून बघत बसलो, तिचं आणखी काही राहिलं नाही ना.